जीप दारापर्यंत

सावदा,
घटस्थापनेचा आदला दिवस, १९८९

प्रिय मंजुळा,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. आपल्या घरातून पत्र म्हणजे तुझ्या सासऱ्यांचं पोस्टकार्ड, आणि त्यात 'इकडील सर्व क्षेम' यापलीकडे काही नसतं. नानांना बोलायला सांगितलं तर ते बोलत नाहीत, लिहायला सांगितलं तर त्याहून नाही. म्हणून आज मीच बसले आहे, सातवी पास सासू. शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर मनातल्या मनात हस, पण तुझ्या वडिलांना, यादवभाऊंना, दाखवू नकोस. आधीच गेल्या महिन्यात ते शिंदखेड्याहून एवढ्या लांब आले आणि मी त्यांना चहा पाजून, विचारलेल्या गोष्टीचं उत्तर न देता लावून दिलं. माझ्या डोक्यात तेव्हा जीपचा घोळ चालला होता. आधी तोच सांगते.

तर आपली जीप द्यायची की ठेवायची, हा प्रश्न आहे. जळगावचा गाड्यांचा व्यापारी म्हणतो, जुनी पेट्रोलची सोडा, वरची रक्कम भरा आणि डिझेलची नवीकोरी जीप घेऊन जा. दसऱ्याला पूजा नव्या गाडीचीच करा. गावात ज्याला त्याला यावर मत आहे. माझे दीर म्हणतात, कधीच द्यायला हवी होती. शेजारच्या भिकुबाईनं तर मला रंगसुद्धा सांगून ठेवला आहे, जशी काही तीच पुढच्या सीटवर बसणार आहे. फक्त तुला कोणी विचारलं नाही. ती गाडी माझ्या लेकाची होती आणि तो तुझा नवरा होता, म्हणजे तुझाही तिच्यावर हक्क आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

गाडी आली तेव्हा तू अजून आमची नव्हतीस. अभिमननं ती लिलावातून आणली. मिलिटरीनं टाकून दिलेली, स्टिअरिंग डाव्या बाजूला, हूड फाटकं. नाना कपाळाला हात लावून म्हणाले, "भंगार आनलं बाप्पा पोरानं." पण पहिल्याच पावसाळ्यात तेच नाना गावभर तिचं कौतुक सांगत हिंडले. आपल्या काळ्या रानात पाऊस झाला की बैलगाडी रुतते, ट्रक तर बांधाच्या आतच येत नाही. जीप मात्र चारही चाकांना जोर देणारा दांडा टाकला की डुलत डुलत केळीचे घड घेऊन रस्त्याला लागायची. एखादी बाळंतीण अडली, कोणाला साप डसला, पान लागलं, की माणसं आपल्या दाराशी यायची. अभिमन जेवत असला तर हात न धुता उठायचा.

आणि तिचा तो आवाज. झुलाल मिस्तरीनं सायलेन्सरला काय जोडकाम केलं देव जाणे. गिअर बदलला की ती दोनदा खोकायची आणि मग बारीक शीळ घालायची. नाना म्हणायचे दुरुस्त कर, लाज वाटते. अभिमन म्हणायचा, राहू द्या, आईला कळतं मी आलो ते. खरंच कळायचं. ओढ्याच्या वळणावर गिअर पडला की ते खोकणं थेट माझ्या चुलीपाशी यायचं. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर तव्यावर टाकायची. गाडी दारात येईपर्यंत ती टम्म फुगलेली असायची. आमच्या मायलेकरांचं ते असं ठरून गेलं होतं. कधी बोलून ठरवलं नाही.

तू नवी नवरी होतीस तेव्हा तो आवाज ऐकून घाबरून विचारलंस, "हाऊ कसाना आवाज शे?" तुझं ते शिंदखेड्याचं बोलणं ऐकून आम्ही सगळे हसलो आणि तू दोन दिवस गाल फुगवून बसलीस. पण महिनाभरात माझ्या आधी तुला ऐकू यायला लागलं. माझा हात पिठातच असायचा आणि तू पाण्याचा तांब्या घेऊन दाराकडे निघालेली असायचीस. एकदा मी पाहिलं, तांब्या रिकामाच होता. मी म्हटलं, पाणी विहिरीतच राहिलं का गं? तू अशी लाजलीस की मला माझंच लग्न आठवलं. तेव्हा मी पुढचं काही म्हटलं नाही, आज म्हणते. माझ्या पोराला असं वाट बघणारं माणूस मिळालं, याचा मला फार आनंद झाला होता.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. आज मी लिहिते, तुला नको वाटलं तर हा भाग सोडून पुढचं वाच. पौषातली थंडी होती. अभिमन केळीला पाणी द्यायला गेला होता. विहिरीवरच्या मोटारीच्या करंटनं त्याला धरलं तेव्हा मळ्यात देवचंद सालदार एकटाच होता. देवचंदनं त्याला मागे झोपवलं आणि जीप काढली. दोनदा खोकली, शीळ घातली. मी भाकर टाकली. तू दारात गेलीस. डाव्या बाजूनं देवचंद उतरला, त्याच्या डोक्याला टोपी नव्हती. मी आतूनच ओरडले, "ये रे, ताट वाढते." मी बाहेर आले तेव्हा तू चाकापाशी बसलेली होतीस. आत तव्यावर भाकर जळून कोळसा झाली. तिचा वास घरभर पसरला होता. अजूनही कुठे भाकर करपली की मी उठून बाहेर अंगणात जाते.

दिवसकार्य झालं. काही महिने तू आमच्याजवळ राहिलीस, मग तुझ्या वडिलांनी तुला माहेरी नेलं, ते बरं केलं. पण जीप राहिली. मळा तर पाहायलाच हवा. नाना तीच चालवायला लागले. आणि माझी गंमत बघ, मंजुळा. रोज सांजेला वळणावर खोकणं ऐकू आलं की माझा हात भाकर थापायला लागतो. डोकं सांगतं, अगं ते नाना आहेत. हात ऐकत नाही. भाकर फुगते, मी पदरानं घाम पुसते, दाराकडे बघते आणि नाना आत येतात. नानांना यायचा तो हक्कच नाही असं मला एक क्षण वाटतं. नवऱ्याबद्दल असं वाटावं, काय म्हणावं या मनाला!

मग मध्येच आवाज यायचा बंद झाला. नाना पायी यायला लागले, पायाला माती, कपाळाला घाम. मी विचारलं गाडी कुठे, तर म्हणाले, मरीमातेच्या देवळापाशी लावली, गल्लीत वळवायला त्रास होतो. इतकी वर्षं वळत होती ती गाडी! गुडघे दुखणारा माणूस गावाबाहेर गाडी ठेवून चालत येतो, मग मला काय ते समजलं. माझ्या कानावर तो आवाज पडू नये म्हणून चाललं होतं सगळं. मी रागावले नाही, रडलेही नाही. रोज गरम पाणी करून पाय शेकायला देत राहिले. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. अशी आमची दोघांची मुकी लपाछपी पावसाळाभर चालली.

त्यातूनच नव्या गाडीचं निघालं. नाना म्हणाले, ही फार पेट्रोल पिऊन राह्यली, आता तिचं वय झालं. मला कळत होतं की पेट्रोलचं नुसतं नाव आहे. मग मीही म्हटलं, चला, मी येते जळगावला, गाडी मला बघू द्या. जन्मात पहिल्यांदा मी पुढच्या सीटवर बसले. तिथे त्या व्यापाऱ्याच्या माणसानं नवी जीप चालू करून दाखवली. गाडी चांगली आहे, खोटं कशाला बोलू. सीट मऊ, हूड घट्ट, आवाज एकसारखा, कुठे खोकणं नाही की शीळ नाही. या गाडीनं मला कधी फसवलं नसतं. मला वाटलं, बरं होईल, हात शांत होतील.

मागच्या बाजूला लोकांनी बदलून दिलेल्या जुन्या गाड्या उभ्या होत्या. त्या माणसानं आपल्या जीपचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, सायलेन्सर आधी बदलावा लागेल, मग ही विकली जाईल. आमच्यासमोर, आम्हाला चांगलं वाटावं म्हणून म्हणाला बिचारा. नानांनी किल्ली काढली होती. ती त्याच्या हातावर ठेवायची, एवढंच राहिलं होतं. नानांचा हात पुढे गेला आणि तसाच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घरी चला. त्या माणसाला वाटलं आम्ही भाव वाढवतोय. वाढवू दे.

परतीच्या वाटेवर नशिराबादला नाना चहाला थांबले. चहा कपातच निवला. मग आपले नाना, जे पोराच्या चितेपाशीसुद्धा बोलले नव्हते, ते बोलले. म्हणाले, "मी गाडी दूर लावतो ते आवाजापायी नाही. मी दारात येतो ना, तवा तू माह्याकडे पाहत नाहीस. माह्या मांगे पाहतेस. मांगे कोणी येतंय का म्हणून. ते मले पाहवत नाही." मंजुळा, मला हे माहीतच नव्हतं. मी रोज त्या माणसाच्या खांद्यावरून मागचा रिकामा रस्ता बघत होते. त्याचाही मुलगाच गेला होता ना! मी तिथे टपरीवर, चार लोकांदेखत त्यांचा हात धरला. लग्नाला तीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. म्हटलं, गाडी दारापर्यंत आणा. मी भाकर टाकीन, मागे बघीन, मग तुमच्याकडे बघीन. तुम्ही ती भाकर खा. आता रोज तसंच चाललंय. अभिमनची भाकर नाना खातात. कधी पुरी खातात, कधी अर्ध्यावर हात धुतात. जीप आम्ही देत नाही. तिच्या आवाजानं जे दुखतं ते आम्हाला हवं आहे. आमच्याकडे लेकाचं दुसरं काय उरलं आहे?

तुला कोणी विचारलं नाही म्हटलं आणि स्वतःच निकाल देऊन मोकळी झाले, म्हणशील. पण तुझं मत मला आधीच कळलं होतं. वर्षश्राद्धाला तू आली होतीस तेव्हा आपण दोघी लसूण सोलत बसलो होतो. वळणावर गाडी खोकली. तू उठलीस. लसूण मांडीवरून सांडला, पदर डोक्यावर गेला, दोन पावलांत तू दारापाशी. तिथे गेल्यावर तुला आठवलं. मग तू कोपऱ्यातला झाडू घेतलास आणि झाडलेलाच उंबरठा पुन्हा झाडायला लागलीस. मी खाली मान घालून लसूण वेचत राहिले. मला तेव्हा जे वाटलं ते अभिमन गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. त्याचं आयुष्य संपलं होतं. तुझं तर अजून सगळं पुढे होतं, आणि तू त्या दारात उभी होतीस.

म्हणून हे पत्र. यादवभाऊ धुळ्याच्या मास्तरांचं स्थळ घेऊन आले होते. म्हणाले, "अक्का, पोर म्हनस, सासू हां म्हनी तव्हयच. बठ्ठं तुमना हातमा शे." सगळं माझ्या होकारावर अडलं होतं, तरी मी त्यांना उत्तर दिलं नाही, कारण तू गेलीस की अभिमनची वाट बघणारं आणखी एक माणूस कमी होणार होतं, आणि ते मला सोसवत नव्हतं. आता देते. हो म्हण, बाई. आमचे भाऊबंद काय म्हणायचं ते म्हणतील, त्यांच्याशी मी बघून घेईन, माझं तोंड तुला माहीत आहे. मास्तरांचंही पहिलं माणूस गेलेलं आहे असं ऐकते. तेही घरात कसल्या तरी आवाजाला दचकत असतील. त्यांना हसू नकोस, त्यांच्याजवळ जाऊन बस. हिरवा चुडा आम्ही सावद्याहून आणू, तुझ्या मनगटाचं माप मला पाठ आहे. नाना आणि मी धुळ्याला नक्की येऊ. पण जीप घरी ठेवून, भुसावळहून एस. टी.नं येऊ. त्या दिवशी तरी तू आवाज ऐकून दाराकडे धावायला नकोस.

तुझीच,
आई