पितांबरच्या हेल्मेटचा पट्टा

१२ जानेवारी १९९२, रविवार
आजपासून रोज लिहायचं. शाळा चौथीत सुटली म्हणून काय झालं, डोकं शाबूत आहे. पिंपळनेर सोडून इतक्या लांब जळगावला मी लोकांच्या चड्ड्या धुवायला आलेलो नाही. गिरधरशेठ बोदवडला लॉन्ड्रीची दुसरी शाखा काढणार. गल्ल्यावर माणूस पाहिजे. दुकानात तसा माणूस एकच, मी. दुसरा शालिग्राम, इस्त्रीवाला. दिवसभर मान खाली. त्याला गिऱ्हाईक घाबरणार कसं?

१४ जानेवारी
संक्रांत. तीळगूळ खाल्ला, पण गोड बोलणं जमलं नाही.
शेठचा पुतण्या पितांबर सायकलची रेस मारतो. सव्वीस तारखेला नशिराबाद ते धुळे रेस. हेल्मेट नसेल तर नंबरच देत नाहीत म्हणे. त्याच्या हेल्मेटचा हनुवटीखालचा निळा पट्टा घामाने आणि खोबरेल तेलाने काळा झालाय. वास तर विचारू नका. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, रुपचंद, हे नीट धुऊन दे, मग बोदवडचं बघू. शालिग्रामने मान वर केली नाही. जळला असेल.
हौदावर धुणारी बेबाबाई म्हणते, भाऊ, कोमट पाणी घ्या, अंगाचा साबण घ्या, दातांच्या जुन्या ब्रशने हळू घासा, सावलीत वाळवा. झालं.
झालं? एवढंच असतं तर शेठने मला कशाला सांगितलं असतं?

१५ जानेवारी
गावाकडचा वना ट्रक घेऊन पिंपळनेरला चालला होता. माझ्या वडिलांना, आबांना निरोप दिला, बोदवडचं दुकान माझ्या हातात आलं. आलं नाही अजून, पण वना पोचेपर्यंत येईल. हळू चालवतो तो.

१७ जानेवारी, सकाळी
पट्टा ब्लीचिंग पावडरमध्ये टाकला. पावडर दाबून घातली. हॉटेलवाल्यांची फडकी स्वच्छ निघतात, हा पट्टा काय चीज आहे!

दुपारी
काळा गेला. निळाही गेला. नुसते चट्टे. पावडर बनवणाऱ्याला त्याच पावडरीत बुचकळला पाहिजे.

१८ जानेवारी
नीळ दिली. चट्टे जांभळे झाले. बेबाबाई तोंडाला पदर लावून हसत होती, पण खांदे हलत होते. म्हटलं, हसायचा पगार मिळतो का? म्हणे, नाही हो भाऊ, ते मी फुकटच करते.

२१ जानेवारी
माझं चुकत कुठे होतं ते कळलं. कपडा धुण्याने उठत नाही, कडकपणाने उठतो. पट्ट्याला दाट खळ दिली. उद्या इस्त्री. शालिग्राम म्हणतो, नायलॉन आहे रे, वितळेल. याला बोदवडला जायचंय, दुसरं काय!

२२ जानेवारी
वितळला. दोष शालिग्रामचा, इस्त्रीत कोळसा तोच भरतो. पट्टा चिकटला, ओढला तर पाकासारखी तार सुटली. नंतर तीच इस्त्री वकीलसाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर फिरली. वकीलसाहेब दुकान डोक्यावर घेऊन ओरडले. शालिग्रामने माफी मागितली. मागायलाच पाहिजे.

२४ जानेवारी
पट्टा जळून बारीक झाला होता तिथे वरून निळं कापड शिवलं. एकदम नवाकोरा. आत काय आहे, कोण बघतं?

२५ जानेवारी, शनिवार
पितांबरने हेल्मेट घातलं, बक्कल लावलं, आरशात पाहून खूश झाला. मग पट्टा जरा ओढून पाहिला. ही काय पद्धत झाली? पट्टा तुटून हातात आला.
शेठ हळू आवाजात म्हणाले, हायवेला ट्रकपुढे तुटला असता तर पोराचं डोकं फुटलं असतं. मी म्हणालो, एवढं जोरात कोण ओढतं? कोणी ओरडलं नाही. त्याचाच जास्त संताप आला.

२७ जानेवारी
एवढ्या घाईत दुसरं हेल्मेट मिळालं नाही. पितांबर नशिराबादला उभा राहून दुसऱ्यांच्या सायकलींत हवा भरत होता म्हणे. मला ऐकवायला सांगतात.

२ फेब्रुवारी
बोदवडची शाखा उघडली. गल्ल्यावर शालिग्राम. मी तिथेच मागे हौदावर. झोपायला दोघांना मागची एकच खोली. शेठचा डाव माझ्या लक्षात आलाय. आधी मला खालचं सगळं काम शिकवणार, मग एकदम वर बसवणार.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
आबा आले. न कळवता. मी हौदाशी, कोपरापर्यंत फेस. पुढून आवाज आला, मन्हा पोऱ्यानं दुकान हाईच शे का?
आता शालिग्राम सूड घेणार. मी त्याच्या जागी असतो तर घेतला असता.
तो उठला. खुर्ची पुसून आबांना बसवलं. म्हणाला, हो आबा, हे तुमच्या मुलाचंच दुकान. रुपचंदभाऊ मागे माल तपासताहेत.
मी हात पुसत बाहेर आलो. आबांनी माझे सुरकुतलेले हात धरले. म्हणाले, बठ्ठं तूच करस का रे? मी म्हणालो, काय करणार, सगळं मलाच करावं लागतं, नोकरांवर भरवसा नाही. शालिग्रामसमोरच म्हणालो. त्याने आबांसाठी चहा मागवला.
आबांना एवढं बरं वाटलं की होळीपर्यंत इथेच राहतो म्हणाले. रोज दुकानात बसणार, माझ्या शेजारी.
नंतर शालिग्राम हौदाशी येऊन सांगून गेला, आबा आहेत तोवर गल्ल्यावर तू बस, मी इस्त्री बघतो. फक्त ते उठायच्या आधी धुणं उरकत जा.
मला हुकूम करतो! उपकार मागितले होते का कोणी? तोंडावर सुनावणारच होतो. पण आबा ऐकतील म्हणून हळूच विचारलं, पहाटे मला उठवशील का?