न काढलेली मूठ

पनवेल, शुक्रवार, १२ जुलै १९९१

अकरा वर्षं रोज रांधताना चर्चसाठी मूठभर तांदूळ डब्यात बाजूला काढतेय. प्रार्थनाही चुकवत नाही. तरी आत सगळं कोरडंच. संध्याकाळच्या प्रार्थनासभेत सुशीलाबाईंनी साक्ष दिली, प्रभू त्यांच्याशी बोलला म्हणे. माझ्याशी कधी बोलणार? का मी नुसते तांदूळच काढत बसू? चिडून घरी आले आणि ठरवलं, आज मूठ काढायचीच नाही. पण तांदूळ सवयीनं मूठभर जास्तच घेतले गेले. भात उरला. मागच्या घरातल्या आगरी आजींना नेऊन दिला.

"आज कसला सन हाय गो?" म्हणत त्या तिथंच जेवायला बसल्या. त्यांची चूल पेटलेलीच नव्हती.

देवा, मला धड रागावूसुद्धा देत नाहीस.