कोपऱ्यातल्या वळणाचा सांधा

अण्णा, तुमचा छोट्या रेल्वेचा लेआउट दारातून बाहेर निघेना. आपली बिल्डिंग पाडायला काढली आहे, पुढच्या महिन्यात जागा रिकामी करून द्यायची, आणि नवीन घर मिळेपर्यंत आम्ही दहिसरला भाड्याने राहणार. कपाटं गेली, पलंग सुटे झाले, आईंचा पाटा-वरवंटासुद्धा टेम्पोत चढला. राहिला तो आतल्या खोलीतला तुमचा इंग्रजी एलच्या आकाराचा लाकडी सांगाडा. एक हात आठ फुटांचा, दुसरा सहा फुटांचा, वर प्लायवूड, त्यावर बोटभर रुंदीचे रूळ, दोन स्टेशनं, एक बोगदा आणि वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची शेतं. तुमच्या फिटर काकांनी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं की कोपऱ्यात बोल्ट टाका, कधी हलवायची वेळ आली तर दोन तुकडे सुटे करता येतील. तुम्ही म्हणालात, "कुठे जाणार आहे तो?" आणि लाकडाचा गोंद ओतून वर स्क्रूची रांग मारलीत. खऱ्या फलाटाच्या प्रमाणात मिलिमीटर मोजून फलाट करणारा माणूस, पण खोलीचं दार मोजायचं काही तुम्हाला सुचलं नाही. तुमचा मुलगा म्हणाला, फोटो काढून घे आणि सोडून दे इथेच. मी म्हटलं, तू तुझं कपाट बघ.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. सून म्हणून मी या घरात आले तेव्हा तुम्ही टेलिफोन खात्यातून नुकतेच रिटायर झाला होतात आणि दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला दोन माणसं आपल्याकडे यायची. गल्लीतले दातांचे डॉक्टर, आणि गिरणीत फिटर असलेले काका, दहिसरहून. पहिल्या रविवारी मी दारातून डोकावले तर तीन शहाणीसुरती माणसं गुडघ्यांवर बसून डोळे रुळांच्या पातळीला लावून एका मालडब्याकडे बघत होती. मला वाटलं, काय झालंय यांना. हळूहळू कळलं की तो डबा नुकताच घसरला होता आणि चौकशी चालू होती. तुमचा नियमच होता की डबा पडला की त्याला कोणी हात लावायचा नाही. आधी टॉर्च, मग रुळावरून बोट, मग चाकांचं माप, आणि मग जाड पुठ्ठ्याच्या वहीत कारण लिहायचं. त्या वहीची पानं मी आजही चाळते. "चिवड्यातला शेंगदाणा, बोगद्याच्या तोंडाशी." "डॉक्टरांची बाही." "झुरळ. फरार." ज्याचा दोष निघेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा आणि बाकीच्यांनी तो कसाही झाला तरी निमूट प्यायचा. डॉक्टर दवाखान्यातली जुनी हत्यारं आणायचे आणि रुळातला अडकलेला खिळा उपटताना म्हणायचे, "जरासं दुखेल हं, तोंड उघडं ठेवा." त्यांनीच स्टेशनवर नखाएवढी पाटी लावली होती: "दिलगीर आहोत, गाडी वेळेवर धावत आहे." एकदा तुमच्या मुलाने विचारलं की या सगळ्याचा उपयोग काय. काकांनी मान वर न करता सांगितलं, "तुझो उपेग काय, तां आदी सांग." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या खोलीत मोठ्याने हसले.

आता ते सांगते, जे सांगायला सतरा वर्षं घेतली. माझी शिकवण्याची नोकरी सकाळच्या शाळेत, मी एकला घरी यायचे. तुम्ही जेवून पेपर वाचत बाहेरच्या खोलीत पडायचात आणि आई शेजारी जायच्या. मी आत जाऊन गाडी चालवायचे, अण्णा. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. तुम्ही कोणीही वेगाचा काटा अर्ध्याच्या पुढे नेत नसायचात, काका म्हणायचे गाडीला मान असतो. मला मात्र बघायचं होतं की पूर्ण नेला तर काय होतं. त्या दुपारी तुम्ही बँकेत गेला होतात, आणि मी रुळावर तुमचं पितळेचं इंजिन ठेवलं. चार वर्षं खपून पत्र्यातून कापलेलं, आत टेपरेकॉर्डरची मोटर, दोन्ही बाजूंना तुमच्या हातचे बारीक कठडे. काटा पूर्ण फिरवला. सरळ रुळावर ते असं सुंदर पळालं की मी टाळी वाजवणार होते. कोपऱ्यातल्या वळणावर ते वळलंच नाही, सरळ गेलं आणि फरशीवर पडलं. उचलून बघितलं तर वरून काही दिसत नव्हतं, फक्त पुढचं चाक किंचित कललं होतं. मी ते बोटांनी दाबून जागेवर आणलं, आलं असं मला वाटलं, आणि लेआउटवरच्या इंजिनशेडमध्ये ठेवून भाजी निवडायला बसले.

रविवारी तुम्ही ते दोघांसमोर काढलंत. अर्ध्या काट्यावर, अगदी मानाने. त्याच वळणावर ते घसरलं, कडेवरून खाली गेलं आणि या वेळी कठडे तुटले, पुढचा आसही वाकला. त्यामुळे आस आधीच वाकलेला होता हे कोणाला कळायचा प्रश्नच उरला नाही. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तुम्ही टॉर्च मागितला नाहीत. वळणावर तुम्ही जोडलेल्या रुळांच्या सांध्यावरून बोट फिरवलंत, पुन्हा फिरवलंत आणि म्हणालात, "इथे लागतंय. उंचवटा राहिलाय." डॉक्टर म्हणाले, "मला तर काही लागत नाही." पण तुम्हाला लागत होता. टेलिफोनच्या हजारो तारा सोल्डरने जोडणारा तुमचा हात, त्याला लागतंय म्हटल्यावर पुढे कोण बोलणार. वहीत तुम्ही लिहिलंत, "कारण: सांधा. दोष: माझा." ट्रेमधला चहा तसाच ठेवून तुम्ही नियमाप्रमाणे नवा चहा करायला उठलात.

मी तुमच्या मागे स्वयंपाकघरात आले. तुम्ही आधण ठेवलंत, साखर घातलीत, आणि मग उजवा हात ओट्यावर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत राहिलात. म्हणालात, "थरथरायला लागलाय बघ." मला तर तो काही थरथरताना दिसला नाही. पण इतकं टक लावून बघितलं तर कोणाचाही हात थरथरेल. मी "अण्णा" म्हणाले. तुम्ही चहा गाळत म्हणालात, "पुढच्या रविवारपासून सोल्डरगन तू धर. मी शेजारी बसेन, सांगेन. येईल तुला." आणि कप उचलून बाहेर गेलात. त्यानंतर तुम्ही कधीच सोल्डरगन हातात धरली नाहीत. ते इंजिनसुद्धा दुरुस्त केलं नाहीत, डब्यात कापसात गुंडाळून ठेवलंत.

तीन वर्षं तुम्ही मला शिकवलंत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी इतका चांगला मास्तर पाहिला नाही. पहिला महिना तुम्ही मला फक्त रूळ पुसायला लावलेत, खोडरबराने, कपड्याने नाही, कारण कपडा धागा सोडतो. सरळ रुळात सांध्याला व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवायची, नाहीतर मे महिन्यात रूळ फुगून नागमोडी होतात. वळणावर मात्र फट नको, आधी सोल्डर मारून मग रूळ वाकवायचा. सोल्डर थेट गनने वितळवायचं नाही, धातू तापवायचा, मग सोल्डर आपणहून धावतं. एकदा मी घाईने गोळा लावला आणि वरून पुसून चकचकीत केला. तुम्ही चिडलात, तेवढे एकदाच. "वरून छान दिसतंय म्हणून आतून धरलंय असं नसतं," म्हणालात, आणि चिमट्याने माझा सांधा एका झटक्यात काढून दाखवलात. मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं, रागावलेय. मग संध्याकाळी तुम्ही खाली जाऊन माझ्यासाठी बारीक टोकाची नवी सोल्डरगन आणलीत, माझ्या मुठीत बसेल अशी, आणि लेआउटच्या कडेला ठेवून दिलीत. ती अजून चालते. मी शाळेतल्या पोरींना तिच्यावरच शिकवते.

तुम्ही गेल्यावरही डॉक्टर आणि काका यायचे थांबले नाहीत. काकांचे गुडघे गेलेत, आता ते खुर्चीत बसून हुकूम सोडतात. आणि अण्णा, तुमच्या नावाची एक म्हणच झाली त्यांच्यात. कुठलंही काम कच्चं राहिलं की "अण्णांचा सांधा". गळका नळ, उसवलेली शिवण, सगळं अण्णांचा सांधा. डॉक्टर पेशंटच्या दातावर तात्पुरती टोपी बसवून सांगतात म्हणे, "हा अण्णांचा सांधा आहे, त्या बाजूने चावू नका." प्रेमाने म्हणतात, तुमची आठवण काढायची त्यांची रीतच ती. मी पण हसत आले. चौदा वर्षं हसले.

परवाच्या रविवारी दोघं लेआउट बघायला आले. डॉक्टर म्हणाले, "बिल्डिंग पाडतायतच ना? मग बिल्डरला सांगा, आधी भिंती काढा, लेआउट राहू दे." काका म्हणाले, "त्येना माझां आयकूक नाय. आता कापूकच व्हया." मग दोघं मापं घ्यायला लागले. सगळ्यात सोपी जागा कोपऱ्याची. डॉक्टरांनी खडूने रेघ मारली ती बरोबर वळणावरच्या सांध्यावरून. "इथून कापू," ते म्हणाले, "एवीतेवी हा सांधा वाईटच आहे." काकांनी करवत उचलून दिली. आणि मी रुळावर हात ठेवला. म्हटलं, इथून नको, हा सांधा चांगला आहे. डॉक्टर म्हणाले, "अगं, याच्यावरून तर इंजिन पडलं." मी म्हटलं, इंजिन मी पाडलं. आधीच, तुम्ही यायच्या अगोदर, पूर्ण काट्यावर. मग सगळं सांगितलं, चाकापासून. दोघं ऐकत राहिले. काका म्हणाले, "काय गो, खरां सांगतंस?" आणि खुर्चीतून खाली उतरले. एवढ्या गुडघ्यांनिशी जमिनीवर बसले आणि नख रुळावरून सरकवलं. डॉक्टरांनी दात तपासायची सुई आणली, टोक रुळावरून नेलं, उलट नेलं. कुठेही अडकलं नाही. काका म्हणाले, "सांधो एकदम साफ असा. म्हातारो उगीच सोताक दोष देत रवलो." डॉक्टर चष्मा पुसत बसले. मग त्यांनी खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसली आणि दोन फूट अलीकडे, सरळ रुळावर नवी मारली. तिथे कापायला स्टेशनचं छप्पर काढावं लागलं, दिवस मोडला. काका घरी जाताना माझ्याशी बोलले नाहीत. मला ते योग्यच वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, दहिसरचं घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट मोठी आहे ना, मापून घेतलंस ना.

तर तुमचा सांधा अखंड आहे. तुमच्या हाताला काही झालेलं नव्हतं, अण्णा, कधीच नव्हतं, आणि शेवटची तीन वर्षं तुम्ही तो हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसलात. याची मला लाज वाटते, रोज वाटते. डॉक्टर-काकांना मी म्हटलं की तेव्हा भीतीने बोलले नाही, आणि त्यांनी ते मानलं. पण ते तितकंसं खरं नाही. स्वयंपाकघरात "अण्णा" म्हणाले तेव्हा मी सांगणारच होते, पुढचा शब्द तोंडात होता. तेवढ्यात तुम्ही म्हणालात की सोल्डरगन तू धर. आणि मला इतका आनंद झाला की मी तोंड मिटलं. सांगितलं असतं तर तुम्ही मला माफ केलं असतंत, पण गन तुमच्याच हातात राहिली असती. तो आनंद मी कोणाला सांगितलेला नाही. तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही सांगितला नसता.