विल्सनजींनी माझे पाय धुतले

गुरुवार, संध्याकाळ

चर्चच्या अभ्यासगटात आज येशू शिष्यांचे पाय धुतो, तो अध्याय होता. पाळकसाहेब म्हणाले, "नुसतं वाचायचं नाही, करायचं." बादली, टॉवेल तयारच! आणि माझे पाय धुणार कोण, तर विल्सनजी. नाताळच्या गाण्यांच्या वेळी मला "भिया, आप सिर्फ होंठ हिलाओ" म्हणाले होते तेच. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

त्यात मी सांवेर रोडच्या फॅक्टरीतून थेट आलेलो. दिवसभर सेफ्टी शूज, आणि मोजे कालचे. कालचेच का? परवाचेही असतील.

"माझे नको," मी म्हणालो.

पाळकसाहेब खूश! "येशूला पेत्रही अगदी हेच म्हणाला होता!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता काय सांगणार, पेत्राला मोजे नव्हते.

विल्सनजींनी श्वास रोखून, पण बोटांच्या बेचक्यांसकट पाय धुतले. टिपताना हळूच म्हणाले, "होंठवाली बात... सॉरी, भिया." माझे डोळे भरून आले. त्यांना वाटलं असेल, मोज्यांमुळे.

मग माझी पाळी. त्यांनी बूट काढले, तर पाय लख्ख, वर पावडर! घरून धुऊन आले होते. माफ केलं मी त्यांना, अगदी मनापासून. पण ती पावडर? तिला जरा वेळ लागेल.