सखूच्या ताटातली डाळ

मोंतान्य ब्लांशचा ऊसमळा, शनिवार संध्याकाळ, १८५७

आज उसावरून लवकर सुटलो. घरात शिरलो तर सखू बाळाला पाजत एका हाताने जेवत होती. ताटात नुसता मीठभात.

"डाळ कुठाय?"

"तुमच्यासाठी ठेवलीय. ऊस तुम्ही तोडता."

कधीपासून चाललंय हे? म्हणे, बाळ झाल्यापासून. म्हणजे मी रोज वाटीभर डाळ ओरपतोय आणि अंगावर पाजणारी माझी बायको कोरडा भात गिळतेय. मला दिसलं कसं नाही? दिवेलागणीला अंधुक दिसतं म्हणाली होती, तेव्हाही मी चुलीच्या धुरावर ढकललं.

मळ्याच्या करारात ठरलेला शिधा मिळतो तेवढाच. मुकादम वाढवून द्यायचा नाही. मग डोळ्यांना बरा म्हणून खोपटामागच्या शेवग्याचा पाला ओरबाडून आणला, डाळीत शिजवला. तिने वाढलं तर दाट माझ्याकडे, पातळ स्वतःला. मी ताटं बदलली.

"कुणी बघितलं तर हसतील," ती म्हणाली.

"हसू देत."

ती खाली मान घालून भराभर जेवली. मग हळूच म्हणाली, "अजून आहे का थोडी?"

भांडं रिकामं होतं. माझं उरलेलं ताट तिच्यापुढे सरकवलं. तिने तेही संपवलं. एवढी भूक होती तिला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.