चालत्या यंत्राचे अकरा दोष

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
यंत्र आलं. कपाटाएवढं, पांढरं, पोटात एक्स-रे, पायात मोटर. ढकलायचं नाही. स्वतःच वॉर्डात जातं आणि पेशंटच्या पलंगापाशी उभं राहतं. वाटेत कोणी आलं की म्हणे सेन्सरला कळतं.
जुनं मशीन सत्तावीस वर्षं मी मागून ढकलतोय. पुढे मेहुणा चालतो, साइड, साइड ओरडत. आजवर एकाच्याही पायाला चाक लागलेलं नाही. आमचा सेन्सर म्हणजे मेहुणा. त्याला धरून असे चार जण आहेत, चौघंही टेंपररी. महिनाभर चाचणी. यंत्र पास झालं तर एकतीसला चौघंही घरी.
मी युनियनचा सेक्रेटरी. मेहुण्याला शब्द दिला, हे यंत्र महिना काढणार नाही. तो म्हणाला, भावोजी, तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच.
हिला सांगितलं. म्हणाली, माझ्या भावाला भाषणात घालू नका, नोकरीत ठेवा.
संकल्प: रोज निरीक्षण, रोज टिपण, शुक्रवारी गेटसभा.

५ मार्च, बुधवार
वॉर्डातल्या मावशींनी यंत्राला जावईबापू नाव ठेवलंय. सावकाश येतात, सगळ्यांनी उठून वाट द्यायची, आणि काम काय करतात हे विचारायचं नाही.
सलाइनचा स्टँड मुद्दाम वाटेत ठेवला. बारीक दांडा यंत्राला दिसलाच नाही! स्टँड धाडकन आडवा. दोष क्रमांक एक.
मेहुणा कानाशी येऊन म्हणाला, भावोजी, हे आपल्यातच ठेवू. साहेब तपासायला येतील त्या दिवशी एखादा स्टँड वाटेत असेल, बस.
किती कोती दृष्टी! सत्य दडवून कोणती चळवळ उभी राहिली आहे? सत्य गर्जून सांगायचं असतं.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी ४
गेटसभा. एक तास दहा मिनिटं बोललो. वाफेच्या इंजिनापासून सुरुवात केली. सलाइनच्या स्टँडपाशी पोचेपर्यंत ड्यूटी बदलली आणि समोर नऊ जण उरले. संख्येला महत्त्व नसतं. सगळ्यात मागे कंपनीची इंजिनीअर उभी होती, तरुण, चष्मेवाली. मान खाली, वहीत काहीतरी खरडत होती. शरमेनं वर बघवत नव्हतं बिचारीला.

१० मार्च, सोमवार
स्टँड पुन्हा ठेवला. यंत्र हातभर आधी थांबलं. योगायोग.
नवे दोष सापडले. पेशंटचं जेवणाचं टेबल: चाकं पलंगाखाली, फळी अधांतरी. यंत्र जमिनीलगत बघतं, वरची फळी त्याच्या हिशेबातच नाही. शिवाय काळी चादर पांघरवून मेहुण्याला उभं केलं, तर फार उशिरा दिसला. गुडघा सोलवटला. चळवळीत एवढं व्हायचंच. गुडघा त्याचा होता हे खरं, पण कल्पना माझी होती.

१२ मार्च, बुधवार
चष्मेवाली कँटीनमध्ये समोर येऊन बसली. अदबीनं विचारलं, सर, आणखी काय काय पाहिलंत?
सर! मोठ्या साहेबांनी सत्तावीस वर्षांत मला अहोसुद्धा म्हटलेलं नाही. तीन चहा झाले. उलटं मागे येताना यंत्र कसं बावचळतं, काचेचं दार त्याला कसं दिसत नाही, सगळं समजावलं. तिच्या वहीची सहा पानं भरली. मुलगी मनानं आमच्याकडे आली आहे. मेहुण्याला सांगितलं, तर तो नुसता गुडघा चोळत राहिला.

१७ मार्च, सोमवार
निवेदन दिलं. अकरा दोष, आकृत्यांसह, उंची सेंटिमीटरमध्ये. एक प्रत साहेबांना, एक मोठ्या सिस्टरना, एक कंपनीला.
हिनं विचारलं, कंपनीला कशाला? म्हटलं, शत्रूला तोंडावर आव्हान द्यायचं असतं. ती म्हणाली, शत्रू तुमचं पत्र फ्रेम करून लावेल.
राजकारण हिचा विषय नाही.

१९ मार्च, बुधवार
विजय! यंत्र गेलं! गाडीत घालून कंपनीत परत नेलं. गेटवर अर्धा तास बोललो. मावशींनी टाळ्या वाजवल्या. मेहुणा तीनदा म्हणाला, परत नाही ना येणार? म्हटलं, कुठल्या तोंडानं येईल?

२४ मार्च, सोमवार
आलं.
स्टँडपाशी थांबलं. टेबलापाशी थांबलं. काळ्या चादरीपाशी, काचेच्या दारापाशी, पडद्याआडून अचानक आलेल्या मावशींपाशीही थांबलं. म्हणजे आमच्या दबावापुढे कंपनीला झुकावं लागलं. हा नैतिक विजय आहे. तसं मेहुण्याला सांगितलं. तो चादरीची घडी घालत होता, घालतच राहिला.

२७ मार्च, गुरुवार
तपासणी. साहेबांनी माझंच निवेदन हातात धरून एकेक मुद्दा मोठ्यानं वाचला आणि यंत्र एकेका मुद्द्यावर थांबत गेलं. अकरापैकी अकरा.
अहवाल नोटीस बोर्डावर लागला. शेवटची ओळ: युनियनच्या सेक्रेटरींनी केलेल्या मोलाच्या सहकार्याबद्दल आभार. एका मावशीनं ती सगळ्यांना वाचून दाखवली. म्हणाली, काय हो सेक्रेटरी, जावईबापूंना बोट धरून चालायला तुम्हीच शिकवलंत की!
आभार मानून बदनाम करायचं, हा मालकवर्गाचा जुना डाव आहे. इतिहासात शंभर दाखले आहेत. आज एकही आठवत नाही.

२८ मार्च, शुक्रवार
मेहुणा घरी आला. चहा नको म्हणाला. मग म्हणाला, भावोजी, त्या स्टँडचं गेटवर कोणाला सांगितलं नसतंत, तर. वाक्य तिथंच टाकून उठून गेला. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. माझं ताट मीच वाढून घेतलं.
संकल्प: यंत्राबद्दल यापुढे एक शब्द नाही. कोणी पाया पडलं तरी नाही.

३१ मार्च, सोमवार. दुपारी २.३०
मेहुण्याचा शेवटचा दिवस. म्हणाला, भावोजी, एकला सुटतो, सोबत जाऊ. बरं वाटलं. अजून सोबत जाऊ म्हणतोय.
एकला पिशवी घेऊन तो कॉरिडॉरमध्ये उभा होता. फरशी नुकतीच पुसलेली. बाथरूममधून एक म्हातारे पेशंट वॉकर टेकत निघाले. समोरून यंत्र. सेन्सरला ते दिसले, लाल दिवा लागला, चाकं थांबली, पण ओल्या फरशीवर यंत्र तसंच घसरत पुढे आलं. मेहुण्यानं पिशवी टाकली आणि आजोबांना काखेत धरून बाजूला ओढलं. वॉकर यंत्राखाली चेंगरला. आजोबांना काही झालं नाही. मेहुणा त्यांना बाकावर बसवून पाणी पाजत राहिला.
चष्मेवाली धावत आली, साहेबही आले. तिनं वही उघडली. विचारलं, सर, नेमकं काय झालं?
सर म्हणाली.
सुरुवात केली. यंत्राचं वजन, चाकांचं रबर, पाणी, वेग, पुसणाऱ्यांच्या वेळा. बघणं वेगळं आणि थांबणं वेगळं, हा मुद्दा तर फारच प्रभावी झाला. साहेबसुद्धा मान हलवत होते. चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. बारावा दोष, आकृतीसह.
वळून पाहिलं तर बाक रिकामा. आजोबांना वॉर्डात नेलं होतं. मेहुणा गेला होता.
आजोबांना कोणी ओढलं, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगायचं राहून गेलं.