मला कुठलं काय येतं

चियांग माई
२३ नोव्हेंबर

मुगा,

नाही गं, जूनमध्ये त्या दिवशी रागावून नाही निघाले मी. तू घराच्या शिडीवर उभी राहून "पेज तरी पिऊन जा" म्हणालीस, ते मला नीट ऐकू आलं होतं. पण मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यावर येतेच पुढे.

आधी इकडचं सांगते. मी बरी आहे, पडसं सोडलं तर. तू पाठवलेल्या मिरच्या ऑफिसात नेल्या होत्या. आमची डायरेक्टर मिची अखा जमातीची आहे, म्हणजे डोंगरातलीच, त्यामुळे तिखटाची ऐट भारी. एक चावली आणि ढसाढसा रडली. मग नाक पुसून दुसरी मागितली. तुझा गुडघा कसा आहे? मळणी उरकली का? चिकट भात यंदा बरा आलाय असं ऐकलं.

गेपो, तूच वाचून दाखवते आहेस ना? मग नीट ऐक. पत्र तुझ्या आईला आहे, तू फक्त तोंड आहेस. एकही ओळ गाळायची नाही. आणि मध्ये मध्ये "ऑफिसरबाई म्हणतात" असं घालायचं नाही. म्हणजे घालशीलच, पण कमी घाल.

मुगा, फोन केला असता, पण फोनवर तू "बरं, बरं, जेवलीस का?" म्हणून विषयच संपवतेस. म्हणून लिहितेय.

गेपोनं मला मळणीचं सांगितलं. पोरी म्हणाल्या, "मुगा, भाताच्या थाची दोन कडवी म्हण ना," आणि तू म्हणालीस, "मी कसली म्हणते? चियांग माईवाल्यांनी कागदावर लिहून दिलंय, मला येत नाही." सगळे हसले. गेपो म्हणते तू हसली नाहीस. आणि त्या दोघी बहिणी, चुलीपाशी बसून तुझ्याकडून था शिकायच्या त्या, आता येत नाहीत. कशाला येतील? तूच त्यांना म्हणालीस, "ज्यांना येतं त्यांच्याकडे जा."

हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

तुला आठवतं, ही नोकरी लागली तेव्हा मी किती नाचले होते? मी म्हणाले होते, आता आपल्या म्हाताऱ्या माणसांना कुणी अडाणी म्हणणार नाही. जुनं ज्ञान ज्यांच्यापाशी आहे त्यांना वर्षभर पैशांचा आधार द्यायचा, म्हणजे ते घरी बसून पोरांना शिकवतील. बारा जागा. फॉर्म मी भरून घ्यायचे, गावोगाव मी फिरायचं, मार्क मी द्यायचे. तू म्हणालीस, "वा, म्हणजे आता मार्क आम्हाला!" मी हसले होते. तू मस्करी करत होतीस असं वाटलं.

मग जूनमध्ये मी आले. माझ्याबरोबर संस्थेचा तो पाहुणा होता, परदेशातला, तुझ्या दारात डोकं आपटलेला. मी वही उघडली आणि विचारलं, "मुगा, तुम्हाला काय काय येतं?"

गेपो फिस्सकन हसली. "अगं, तुम्हाला काय? माझी आई आहे ती, सरकारी साहेब नाही!"

आणि तू विडा चघळत म्हणालीस, "मला कुठलं काय येतं! माझ्या आईला यायचं. मी आपलं चुलीपाशी बसून थोडंफार ऐकलं."

मी लिहिलं. शब्दाला शब्द. "काही येत नाही. थोडंफार ऐकलं आहे."

आणि तुम्ही सगळे थांबलात. शेजारचे पाईपवाले आजोबासुद्धा ओढायचे थांबले. म्हणाले, "विचार की पोरी."

मी पेनला टोपण लावलं आणि शिडी उतरले.

आजपर्यंत मी सगळ्यांना सांगत आले, की घाई होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तो वाजवत होता हे खरं आहे. पण मुगा, मला माहीत होतं. आपल्या खोऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की जाणत्या माणसाला तीनदा विचारायचं असतं. पहिल्यांदा तो म्हणतो, मला काही येत नाही. दुसऱ्यांदा म्हणतो, अमक्याला माझ्यापेक्षा जास्त येतं. तिसऱ्यांदा गुडघे टेकून, दारूचा पेला पुढे ठेवून विचारलं, की तो एक घोट घेतो आणि सुरू करतो. पहिल्याच फटक्यात "हो, येतं" म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

मला त्या पाहुण्यासमोर गुडघे टेकायची लाज वाटली. त्याला मी गाडीत सांगत आले होते, आमची निवड कशी पद्धतशीर असते, प्रश्न सगळ्यांना सारखे. आणि तिथे मी जमिनीवर बसून माझ्याच मावशीची विनवणी करणार? लाज त्या रीतीची वाटली, असं मी बरेच दिवस मनाला समजावलं. तसं नाही गं. तुझी वाटली. काळे दात, फाटका सदरा, विडा. गेपो, हे गाळू नकोस. वाच.

तुला मी दहापैकी दोन दिले. आणि ते पत्र, "आपल्याकडे पुरेसं ज्ञान असल्याचं आढळलं नाही," ते ऑफिसनं नाही पाठवलं. मीच लिहिलं, सहीही माझीच. फक्त सही इंग्रजीत केली, म्हणजे गेपोला वाचता येणार नाही.

गेल्या आठवड्यात मी मिचीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यात कुणी मला येतं म्हणालं, तर त्याला लबाड म्हणतात. तुमच्यात?"

"आमच्यातही."

"मग तू निवडलेस ते बारा कोण गं?"

आम्ही सगळे फॉर्म काढून बसलो. तिघेचौघे खरे जाणते आहेत, पण उरलेले, मुगा, उरलेले नुसते बोलके! एकानं तर तुझीच था म्हणून दाखवली होती, तीसुद्धा अर्धी चुकवून. त्याला मी नऊ दिलेत. मिची डोक्याला हात लावून हसली. मला हसू नाही आलं.

एक जागा रिकामी झालीये. मिची म्हणते ती तुला द्यायची. पण हेही म्हणाली, "कागद नंतर. आधी नीट विचारून ये." जागा तू नाकारलीस तरी मला चालेल. पण मार्चमध्ये खिंडीखालचं शेत जाळायची पाळी आहे. नऊ वर्षं पडीक आहे ते. त्यात कुठल्या उतारावर कुठलं बी, काकडी कुठे, कांग कुठे, हे फक्त तुझ्या थामध्ये आहे. त्या दोघी बहिणींना तोवर ती यायला हवी. नाहीतर आम्ही सगळे त्या राखेत उभे राहून एकमेकांची तोंडं बघू.

तेव्हा आता विचारते. आत्ता इथे टेबलापाशी कुणी नाही, खुर्ची सरकवून खाली बसूनच लिहितेय. मुगा, तुला काय येतं ते आम्हाला शिकवशील?

तू काय म्हणशील ते माहीत आहे. म्हणशील, पलीकडच्या गावच्या म्हातारीला जास्त येतं. म्हण. मी पौर्णिमेला येतेय, एकटी, बसनं. येताना बाटली आणते.

पण एक कळत नाही, आणि हे तुलाच विचारायला हवं. जूनमध्ये विचारून लगेच टोपण लावलं होतं, ते एकदा धरायचं, की मी अजून विचारलंच नाही असं धरून पहिल्यापासून सुरुवात करू? तुला काय वाटतं?

तुझीच,
पोसे